जोर सरकला की अर्थ बदलतो

तुर्भ्याच्या बाजार समितीला सगळे एपीएमसी म्हणतात. त्यातला ‘पी’ म्हणजे ‘प्रोड्यूस’, शेतमाल. इंग्रजीत हे नाम असताना जोर पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर) येतो आणि ‘प्रॉ’ ठसठशीत ऐकू येतो. तोच शब्द ‘पिकवणे’, ‘निर्माण करणे’ या अर्थी क्रियापद झाला की जोर ‘ड्यूस’वर सरकतो आणि ‘प्रॉ’ आक्रसून जेमतेम ‘प्र’ उरतो: प्रड्यूस. स्पेलिंगमध्ये मात्र काडीचाही फरक नाही.

१९८९ पासून सुरू असलेल्या न्हावा शेवा बंदरातही हेच. ‘एक्स्पोर्ट’ म्हणजे निर्यात हे नाम असेल तर ‘एक्स’वर जोर, निर्यात करायची म्हटली की ‘पोर्ट’वर. ‘इम्पोर्ट’चंही तसंच.

जोर देणं म्हणजे नुसतं मोठ्यानं बोलणं नव्हे. जोराचा अवयव थोडा लांबतो, त्याचा सूर चढतो आणि तो ठळक होतो. त्याच वेळी शेजारचे अवयव दबतात, त्यांतला स्वर पुष्कळदा ऱ्हस्व, अस्पष्ट ‘अ’कडे झुकतो. आपल्याला अवघड जातं ते हे दाबणं. मराठीत प्रत्येक अवयवाला त्याचा पुरता उच्चार मिळतो, आणि ठासून सांगायचं तर आपण ‘च’ लावतो: मीच सांगितलं. शब्दातला जोर हलवून अर्थ बदलायची आपल्या जिभेला सवयच नाही.

काही जोड्यांत अर्थ पार दुरावतात. ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे करार. जोर शेवटी नेऊन ‘कन्ट्रॅक्ट’ म्हटलं की आकसणे किंवा आजार जडणे. ‘रेफ्यूज’ म्हणजे कचरा, ‘रिफ्यूज’ म्हणजे नाकारणे. ‘कॉन्टेन्ट’ म्हणजे आशय, ‘कन्टेन्ट’ म्हणजे समाधानी. इथे दुसरा शब्द क्रियापदही नाही, विशेषण आहे.

पण नाम-क्रियापदाचा हा नियम सरसकट लावू नये. ‘रिपोर्ट’, ‘सपोर्ट’ यांचा जोर कायम शेवटी, ‘मार्केट’चा कायम सुरुवातीला.

आपसात बोलताना संदर्भ सांभाळून घेतो. मात्र ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलताना ओठांची हालचाल दिसत नाही, आवाजही कधी तुटतो. अशा वेळी इंग्रजी कान शब्द ओळखताना त्याच्या जोराच्या ठेवणीचा मोठा आधार घेतो. ‘डेव्हलप’ म्हणताना आपण ‘डे’ ठासून म्हणतो; त्याला अपेक्षित असतं ‘डिव्हेलप’, जोर मधल्या अवयवावर. प्रत्येक ध्वनी स्पष्ट उच्चारूनही समोरचा ‘पुन्हा सांगा’ म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. म्हणून माझ्या मते परदेशी धाटणीची नक्कल करण्यात वेळ घालवण्यापेक्षा जोराची जागा शिकणं कितीतरी मोलाचं.

ती जागा शोधणं सोपं आहे. चांगल्या इंग्रजी शब्दकोशात उच्चार दाखवताना एक बारीक उभी रेघ असते. बहुतेक कोशांत ती जोराच्या अवयवाच्या आधी, वरच्या बाजूला येते. नवा शब्द पाठ करताना अर्थाबरोबर ती रेघही पाहून ठेवा.