चांदीचा वरख, डब्यातील फॉइल आणि घरचा विवेक

सूर्यास्तापूर्वी पेढीवर पोहोचणारा चौविहाराचा डबा उघडला की सर्वप्रथम दृष्टीस पडते ते फुलक्यांभोवती गुंडाळलेले चकचकीत पान. यात्रेला निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीतील खाकरे आणि ठेपले त्याच पानात असतात, वृद्धांच्या औषधी गोळ्यांची पट्टी त्याचीच असते आणि मिठाईवरील रुपेरी झळाळी चांदीचीच आहे याची खात्री करून घेतली नाही, तर कधीकधी तीही त्याच धातूची निघते. ॲल्युमिनियम आज इतके सर्वत्र आहे की त्याच्याविषयी विचार करावा असे कोणास सुचत नाही. तथापि ज्या समाजाने काय खावे, केव्हा खावे आणि अन्न कशातून यावे यांचा सूक्ष्म विचार शतकानुशतके जपला, त्याने या धातूचे गुणदोषही जाणून घेणे उचित ठरेल.

सोन्याच्या पंक्तीत बसलेला धातू

भूपृष्ठाच्या कवचात सुमारे आठ टक्के ॲल्युमिनियम आहे. लोखंड, तांबे, जस्त यांहूनही ते विपुल आहे. परंतु निसर्गात ते शुद्ध स्वरूपात आढळत नाही, प्राणवायूशी घट्ट बांधलेले असते. १८२५ साली कोपनहेगन येथे हान्स क्रिश्चियन अर्स्टेड यांनी ते प्रथम वेगळे केले, तरी पुढील साठ वर्षे ते मौल्यवान धातूंच्या पंक्तीतच राहिले. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवलेला छोटा पिरॅमिड ॲल्युमिनियमचा होता, कारण त्या काळी तो प्रतिष्ठेचा धातू मानला जाई.

१८८६ साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांस न ओळखता, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची एकच पद्धत शोधली. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही १९१४ चा, हा एक विलक्षण योगायोग. या पद्धतीने भाव झपाट्याने उतरले आणि राजघराण्यांच्या कपाटातील धातू सामान्यांच्या चुलीवर आला. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या कला विद्यालयात अल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडविण्याचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातील घरांनी या भांड्यांना ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ असे नाव दिले आणि ते आजही जुन्या पिढीच्या तोंडी आहे. जुन्या दुकानदारांना एक, दोन, तीन पैशांची हलकी नाणीही आठवत असतील. तीही याच धातूची होती.

हलकेपणा, वाहकता आणि अदृश्य कवच

ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, म्हणजे लोखंड किंवा तांब्याच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. शिडी, खिडकीची चौकट, विमान आणि विजेच्या उंच तारा यांसाठी त्याची निवड होते ती प्रामुख्याने या हलकेपणामुळे. उष्णता वाहण्यात ते स्टेनलेस स्टीलहून सुमारे पंधरा पट सरस आहे. म्हणूनच चांगल्या स्टीलच्या पातेल्यांच्या बुडाशी ॲल्युमिनियमचा थर दडवलेला असतो. त्यामुळे आच सर्वत्र सारखी पसरते आणि पदार्थ एकाच जागी करपत नाही.

लोखंडाला गंज चढतो आणि त्याचे पापुद्रे सुटत जातात. ॲल्युमिनियमचे तसे होत नाही. हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक आणि घट्ट थर तयार होतो. ओरखडा पडला तर तो थर पुन्हा आपोआप बनतो. हेच त्याचे अदृश्य कवच. मात्र आंबट पदार्थ, खारट पदार्थ आणि सोड्यासारखे क्षार या तिघांपुढे हे कवच दुबळे ठरते. स्वयंपाकघरातील सर्व सावधगिरी या एका वस्तुस्थितीतून उगम पावते.

फॉइल कसे बनते आणि काय करते

ॲल्युमिनियम फॉइल लाटण्याचा पहिला कारखाना १९१० साली स्वित्झर्लंडमध्ये उभा राहिला. तोपर्यंत चॉकलेट आणि तत्सम वस्तू कथलाच्या पातळ पानात गुंडाळल्या जात. आज घरगुती वापराचे फॉइल साधारणतः १० ते १८ मायक्रॉन जाडीचे असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

फॉइलची एक बाजू चकचकीत व दुसरी मंद का, याविषयी घरोघरी तर्क चालतात. कारण साधे आहे. शेवटच्या लाटणीत पान इतके पातळ होते की ते फाटू नये म्हणून दोन पाने एकत्र रुळांतून काढतात. पोलादी रुळाला लागलेली बाजू चमकते आणि एकमेकींना लागलेल्या बाजू मंद राहतात. अन्न कोणत्या बाजूस ठेवावे याने घरगुती वापरात काहीही फरक पडत नाही.

फॉइलमध्ये फुलके मऊ राहतात, परंतु त्याचे श्रेय धातूच्या उष्णतारोधकतेला देणे चुकीचे ठरेल, कारण ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्तम वाहक आहे. फॉइल वाफ अडवते, प्रकाश, हवा व वास आत येऊ देत नाही आणि उष्णतेचे किरण बऱ्याच अंशी परत फिरवते. ऊब टिकवायची असेल तर फॉइलवर सुती कापड गुंडाळणे अधिक उपयुक्त. गरम वाफाळते फुलके लगेच बंद केल्यास आतल्या आत पाणी सुटते, म्हणून ते थोडे निवू द्यावेत. फॉइल मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात.

स्वयंपाकघरातील मर्यादा

कोरडे अन्न, म्हणजे फुलके, खाकरे, पुऱ्या, सुकामेवा, हे फॉइलमध्ये काही तास निर्धास्तपणे राहू शकते. चिंच, लिंबू, आमसूल, टोमॅटो, ताक किंवा लोणचे यांचा संबंध आला की मात्र धातूचा सूक्ष्म अंश अन्नात उतरतो. उष्णता आणि वेळ जितके अधिक, तितका हा अंश अधिक. लोणच्यावर ठेवलेल्या फॉइलला बारीक छिद्रे पडलेली अनेक गृहिणींनी पाहिली असतील. त्या छिद्रांतील धातू खाली लोणच्यातच गेलेला असतो.

तो किती अपायकारक? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम ही सह्य मर्यादा निश्चित केली. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस ती १२० मिलिग्रॅम होते. निरोगी व्यक्तीच्या आतड्यातून ॲल्युमिनियमचा अत्यल्प भागच रक्तात जातो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध जोडणारी शंका अनेक दशके चर्चेत आहे, परंतु कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तेव्हा भीतीने घाबरून जाण्याचे प्रयोजन नाही. ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत, त्यांनी मात्र हा विषय गांभीर्याने घ्यावा, कारण त्यांच्या शरीरातून हा धातू सहज बाहेर पडत नाही.

उकाळलेले पाणी पिण्याचा नियम असलेल्या घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रोज पाणी उकळल्यास ते आतून काळवंडते. चिंच किंवा लिंबू टाकून उकळल्यावर ते पुन्हा उजळते, ते आम्लाने वरचा थर विरघळवल्यामुळे. अशा वेळी ते पाणी टाकून द्यावे. नित्य पाणी उकळण्यासाठी स्टीलचे भांडे उत्तम. ॲल्युमिनियमच हवे असेल तर विद्युत्प्रक्रियेने जाड ऑक्साइडचा थर चढवलेले, काळसर राखी रंगाचे भांडे घ्यावे. ते अन्नाशी फारशी प्रक्रिया करीत नाही.

वरखाची पारख

जैन कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न वरखाचा आहे. मिठाईवर आणि काही परंपरांत प्रभूच्या अंगरचनेत वरख वापरला जातो. पारंपरिक पद्धतीत चांदीचे लहान तुकडे प्राण्यांच्या आतड्यांच्या किंवा चामड्याच्या पापुद्र्यांत ठेवून तासन्‌तास हातोडीने कुटीत असत. ही बाब समाजासमोर आल्यावर अनेकांनी वरख वर्ज्य केला. अन्न सुरक्षा नियामक प्राधिकरणाने २०१६ साली प्राणिज पदार्थांच्या वापरास मनाई करणारी अधिसूचना काढली, तेव्हा या विषयाची देशभर चर्चा झाली. प्राणिज पदार्थांविना, यंत्रावर बनवलेला वरखही आता मिळतो.

परंतु एक हिंसा टाळताना दुसरी फसवणूक पदरी पडू नये. चांदी महाग आणि ॲल्युमिनियम स्वस्त, त्यामुळे मिठाईवर ॲल्युमिनियमचे पान चढवण्याची भेसळ आढळते. तिची पारख घरच्या घरी होऊ शकते. वरखाचा तुकडा दोन बोटांत चोळावा. चांदी बारीक भुकटी होऊन नाहीशी होते, ॲल्युमिनियमचे तुकडे होतात पण ते शिल्लक राहतात. दुसरी कसोटी ज्योतीची. चांदी वितळून तिचे चमकदार पांढरे मणी उरतात, ॲल्युमिनियमची काळपट राखाडी राख होते.

मिठाईचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांवर येथे दुहेरी उत्तरदायित्व येते. पुरवठादाराकडून धातूची शुद्धता आणि निर्मितीची पद्धत या दोन्ही गोष्टी लेखी मागाव्यात. चांदी शुद्ध आहे एवढ्याने ती अहिंसक ठरत नाही आणि यंत्रावर बनली एवढ्याने ती चांदी ठरत नाही. जेथे खात्री होत नाही तेथे बदाम, पिस्ते आणि केशर यांनी सजवलेली मिठाई कोणत्याही अर्थाने उणी नसते.

पूजेची चांदी उजळवणे

याच धातूचा एक सुंदर उपयोग चांदीच्या भांड्यांसाठी होतो. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाशी संयोग होऊन. चूर्णाने घासले की काळेपणाबरोबर थोडी चांदीही निघून जाते. त्याऐवजी स्टीलच्या किंवा काचेच्या पसरट भांड्यात फॉइल अंथरावे, चांदीची वाटी किंवा ताट त्याला टेकून ठेवावे, खाण्याचा सोडा व थोडे मीठ घालून वरून कढत पाणी ओतावे. काही मिनिटांत गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी चांदीच राहते. किंचित कुजका वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. मोती किंवा खडे जडवलेल्या वस्तू, तसेच मुद्दाम काळी झाक दिलेले नक्षीकाम यांवर हा प्रयोग करू नये.

तराजूने घेतलेली परीक्षा

व्यापारी कुटुंबांस फॉइलची खरी जाडी मोजण्यास यंत्राची आवश्यकता नाही, तराजू पुरेसा आहे. ११ मायक्रॉन जाडीच्या एका चौरस मीटर फॉइलचे वजन सुमारे ३० ग्रॅम भरते. ३० सेंटिमीटर रुंद व ९ मीटर लांब गुंडाळीचे क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर, म्हणजे निव्वळ वजन सुमारे ८० ग्रॅम असावयास हवे. आतील पुठ्ठ्याची नळी वगळून वजन करावे. वजन बरेच कमी भरले तर एकतर लांबी कमी आहे, नाहीतर जाडी. माल घेताना आणि देताना हाच हिशेब लावला तर ग्राहकाच्या विश्वासाला तडा जात नाही.

वापरानंतरचा विचार

जैन जीवविचारात खाणीतील धातूची गणना पृथ्वीकायात होते. एक टन ॲल्युमिनियमसाठी सुमारे चार ते पाच टन बॉक्साइट जमिनीतून उकरावे लागते. कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांतील पठारांवरही हे खनिज आहे. त्यानंतर प्रत्येक किलो धातूमागे सुमारे १३ ते १५ युनिट वीज खर्च होते. उलट, वापरलेले ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा घडवण्यास मूळ ऊर्जेच्या केवळ पाच टक्के ऊर्जा पुरते आणि धातूचा गुणही ढळत नाही. तो कितीही वेळा नवा जन्म घेऊ शकतो.

असे असताना एका डब्यापुरते वापरलेले पान उकिरड्यावर फेकणे हा परिग्रहाहून वेगळा, पण तितकाच चिंत्य दोष आहे. गोडाचा अंश लागलेल्या पानावर मुंग्या जमतात आणि ते कचऱ्याबरोबर जळते किंवा चिरडले जाते. अन्नाच्या वासाने गुरे ते गिळतात. पांजरपोळास सढळ हाताने दान देणाऱ्या घराने आपल्याच कचऱ्यातून गाईच्या पोटात धातू जाणार नाही, एवढी जयणा पाळणे सहज शक्य आहे. पान कोरड्या फडक्याने पुसावे, त्यासाठी नळ सोडून ठेवू नये. स्वच्छ असेल तर पुन्हा वापरावे. फाटले तर एका डब्यात साठवून, मुठीएवढा गोळा झाला की भंगारवाल्यास द्यावे. सुटे तुकडे कोणी घेत नाही, गोळ्याला मात्र वजन येते.

रोजच्या डब्यासाठी स्टीलचा डबा आणि धुतलेले सुती फडके आजही पुरेसे आहे. प्रवास, प्रभावना, संघाचे स्वामीवात्सल्य अशा प्रसंगी फॉइल जरूर उपयोगी पडते. त्या दिवशी ते किती लागले आणि त्यातील किती परत आले, याची नोंद कार्यकर्त्यांनी खर्चाच्या वहीतच एका ओळीत ठेवली, तर पुढल्या वर्षीची खरेदी त्या ओळीवरून ठरवता येईल.