वस्तीवरचा कुत्रा आणि वर्षाची एक सुई



बैल लंगडला की आपण त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता धरतो. गाईचे दूध कमी झाले, शेळीने चारा सोडला, तरी डॉक्टरांना निरोप जातो. पण रात्रभर वस्ती राखणाऱ्या कुत्र्याला कधी दवाखाना दाखवला का, असे विचारले की माणसे हसतात. "कुत्र्याला कसला आलाय डॉक्टर?" शिळी भाकरी टाकली की आपले कर्तव्य संपले, अशी आपली समजूत. हे हसणे कधी कधी घरातल्या लेकरावर बेतते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कुत्रा पिसाळतो, त्या रोगाला रेबीज म्हणतात. हा विषाणूचा रोग. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून विषाणू जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. ही वाट चालायला त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा तोंडावर किंवा मानेवर असेल तर त्याहून कमी. एवढीच काय ती उसंत. याच उसंतीचा फायदा घेऊन लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचायला सुरुवात केली आणि तो वाचला. पण पाण्याची भीती, घशाची उबळ अशी लक्षणे एकदा दिसू लागली की आजही डॉक्टरांचा इलाज चालत नाही.

आता कुत्र्याचे बघा. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, डॉक्टरांनी सांगितल्यास महिन्याभराने दुसरी, आणि पुढे दर वर्षी एक. बस्स. मात्र लस २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवावी लागते. दुकानातून बाटली आणून सदऱ्याच्या खिशात घालून भर उन्हात वस्तीवर नेली, तर सुई टोचल्याचे समाधान मिळेल, गुण येणार नाही. कुत्र्यालाच दवाखान्यात न्यावे, नाही तर गावात मिळून एक दिवस ठरवून डॉक्टरांना बोलवावे. गावातली शंभरातली सत्तर कुत्री टोचली गेली तर रोगाची साखळी तुटते, असा जाणकारांचा हिशेब आहे. गोव्यात वर्षानुवर्षे घरची आणि रस्त्यावरची कुत्री अशीच टोचली; तीन वर्षांत माणसाला रेबीज झाला नाही, असे २०२१ साली तिथल्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. शेजारच्या राज्याला जमले ते आपल्याला का जमू नये?

डॉक्टरांकडे गेलाच आहात तर पिलाला पार्व्होची लसही विचारून घ्या. हा रोग १९७८ च्या सुमारास जगात प्रथम ओळखला गेला. पिलाला उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत ते जाते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी. पिलाला जंताचे औषध द्यावे. गोचिडांचे औषध डॉक्टरांनी सांगितलेलेच वापरावे, पिकावरचे फवारणीचे औषध चोळू नये. कुत्रा अंग चाटतो आणि विषबाधा होऊन मरतो. घरातली तापाची गोळी मांजराला तर मुळीच देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषच आहे.

पिसाळलेला कुत्रा भुंकत, चावत सुटतो, एवढेच आपल्याला ठाऊक असते. काही कुत्री मुकी पिसाळतात. जबडा लोंबतो, लाळ गळते, अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतात. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. गाईम्हशींचेही तसेच. जनावर घोगरे हंबरते, गिळता येत नाही, तोंडातून लाळेची तार. मग कुणी तरी बाही वर सारून घशात हात घालतो. असा हात कधीही घालू नका. आधीच घातला असेल तर साबणाने स्वच्छ धुवा आणि सरळ दवाखाना गाठा. अशा जनावराचे दूध काढू नये, धारोष्ण तर पिऊच नये.

चावल्यावर मिरचीपूड, चुना, रॉकेल, भगताचा अंगारा, यातले काही नको. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. नंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत टोचायचे वेगळे औषध लागते, ते आवर्जून मागावे. पिलाचा दात लागला तरी तो चावाच. कुत्रा मारू नये. बांधून दहा दिवस नजर ठेवावी, पण त्याची वाट बघत लस लांबवू नये.

"पोटात चौदा इंजेक्शनं" ही जुन्या माणसांची धास्ती आता सोडून द्यावी. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बनायची बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात बहुधा दंडाच्या कातडीत लस देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

अडचण येते ती या अठ्ठाविसाव्या दिवसाची, आणि आपल्याकडे विशेषतः गळीत हंगामात. तोडणी टोळीतल्या पोराला कोपीपाशी कुत्रा चावतो, दोन-तीन सुया होतात, तेवढ्यात फड संपतो आणि टोळी दुसऱ्या गावी हलते. राहिलेली सुई राहूनच जाते. मुकादमांनी आणि ज्यांच्या फडात टोळी आहे त्या सभासदांनी लशीचे कार्ड मागून घेऊन त्यावरच्या तारखा वाचून दाखवाव्यात, आणि कार्ड त्या आईच्या हाती द्यावे. नव्या गावच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवले की उरलेली सुई तिथे मिळते.