पावसाळ्यातलं दार आणि ओकची जमीन

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी ओकच्या फळ्यांचे गठ्ठे आले, तेव्हा दिवाणखाना रिकामा करून आम्ही तयारीत बसलो होतो. कारागीर आला. दोन टोकदार सुया असलेलं एक छोटं मीटर त्यानं फळीत रुतवलं, आकडा वाचला. मग तेच खालच्या प्लायवुडमध्ये रुतवलं. दोन्ही आकडे तिथल्याच पुठ्ठ्यावर लिहिले, गठ्ठे सोडून फळ्या हवा खेळेल अशा रचल्या, एसी नेहमीसारखा चालू ठेवायला सांगितला आणि हातोडा न उचलता निघून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू म्हणाला.

मला कोकणातलं आमचं घर आठवलं. श्रावणात माजघराचं दार फुगून चौकटीत अडकायचं, खांद्यानं रेटावं लागायचं. जाणता सुतार वैशाखात दार बसवताना पावसाळ्यापुरती फट राखून ठेवतो. हार्डवुडची जमीन घालणाऱ्याची सगळी विद्या या फटीच्या हिशोबात आहे.

लाकूड कापून, वाळवून, रंधून झालं तरी हवेतला ओलावा घेणं-सोडणं त्याला सुटत नाही. ओलावा घेतला की ते फुगतं, सोडला की आकसतं; आणि तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी लाल ओकची पट्टी सव्वादोन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड असते. तिचा ओलावा 4 टक्क्यांनी उतरला, तर ती मिलिमीटरभरही आकसत नाही. पण 12 फूट रुंद खोलीत अशा 64 पट्ट्या बसतात. त्यांची बेरीज 2 इंचांवर जाते. म्हणूनच फळी आणि तिच्याखालचं प्लायवुड यांच्या ओलाव्यात अशा अरुंद पट्ट्यांसाठी 4 टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. 3 इंच किंवा त्याहून रुंद फळ्यांसाठी तर 2 टक्केच. दिवस किती गेले याला महत्त्व नाही, मीटर काय म्हणतं याला आहे.

मीटर न पाहता केलेली घाई कशी भोवते, ते एका मित्राच्या घरी पाहिलं. तळघर दमट होतं, तरी वर फळ्या ठोकून टाकल्या. महिन्याभरात प्रत्येक फळीचे काठ उचलले आणि मध्य खोल गेला. मग ती सपाट करायला लगेच पॉलिश-मशीन फिरवलं, काठ घासून काढले. हिवाळ्यात लाकूड वाळून मूळ आकारात आलं, तेव्हा काठ घासलेलेच राहिले आणि मध्यावर उंचवटे आले. आधी तळघराची ओल काढून जमीन वाळू दिली असती, तर बरीचशी आपोआप बसली असती.

आमच्याकडे मधल्या दिवसांत खालची तयारी झाली. 10 फुटी सरळ पट्टी प्लायवुडवर ठेवून तिच्याखाली कुठे उजेड दिसतो ते पाहिलं. उंचवटे घासले, खळगे भरले. जिथे पाऊल टाकलं की करकरायचं, तिथे प्लायवुड खालच्या तुळयांना स्क्रूनं आवळलं; कारण वर ओक बसल्यावर ती करकर कायमची. दारांच्या चौकटी खालून फळीच्या जाडीइतक्या कापल्या, म्हणजे फळी त्यांच्याखाली सरकते. मग डांबरी कागद अंथरला आणि तुळयांना काटकोनात खडूच्या सुतानं पहिली रेघ मारली.

प्रत्यक्ष फळ्या बसवायला दोनच दिवस लागले. चार-पाच गठ्ठ्यांतल्या फळ्या आधी नुसत्या मांडून घेतल्या, गडद-फिकट मिसळून. शेजारशेजारच्या ओळींतले सांधे एकमेकांपासून निदान 6 इंच लांब ठेवले. फळीच्या एका काठाला जीभ, दुसऱ्याला खाच. कारागीर खिळ्याचं यंत्र जिभेवर टेकवायचा आणि वरून मोगरीचा एक घाव घालायचा. त्याच घावानं फळी मागच्या ओळीत घट्ट बसते आणि दाबलेल्या हवेच्या जोरावर खिळा तिरपा, 45 अंशांत आत जातो. 8 ते 10 इंचांवर एक खिळा. पुढच्या फळीची खाच त्या जिभेवर चढली की खिळा दिसेनासा होतो. भिंतीजवळच्या ओळींत मात्र यंत्र मावत नाही. तिथे वरूनच खिळे मारून भोकं भरतात.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. तिथे असे खिळे जात नाहीत आणि स्लॅबलाही स्वतःची ओल असते. म्हणून आडवे-उभे थर चिकटवलेलं इंजिनिअर्ड लाकूड बरं. ते कमी हलतं. मीटर मात्र तिथेही चुकत नाही.

शेवटच्या दिवशी मी भिंतीच्या कडेला वाकून पाहिलं. चारही बाजूंनी पाऊण इंच जागा मोकळी होती. स्कर्टिंगची पट्टी बसली आणि ती झाकली गेली. जानेवारीत हीटरनं हवा कोरडी झाली, तेव्हा फळ्यांमध्ये पोस्टकार्डाची कड जाईल एवढ्या रेघा उघडल्या. मी घाबरून फोन केला, तर कारागीर म्हणाला, हात लावू नका, ह्युमिडिफायर लावा. जूनमध्ये गुडघ्यावर बसून बोट फिरवलं. रेघा मिटल्या होत्या. आणि त्याच आठवड्यात आईचा फोन आला, माजघराचं दार अडकायला लागलंय म्हणून.