गुरूंनी नाकारलेल्या वह्यांनंतर

१९८५ मध्ये कोरियन संगीतकार उनसुक चिन सोलहून हॅम्बुर्गला गेल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, पण नवख्या नव्हत्या. तीन चेलोंसाठी लिहिलेल्या त्यांच्या रचनेला त्याच वर्षी नेदरलँड्समधला गौडेआमुस पुरस्कार मिळाला होता. हाताशी जर्मन शिष्यवृत्ती होती आणि गुरू लाभले होते संगीतकार ग्योर्गी लिगेटी. लिगेटींनी त्यांचं काम पाहिलं आणि ते सगळं टाकून द्यायला सांगितलं. त्यात युरोपातल्या नवसंगीताची भाषा सफाईनं वापरलेली होती. चिन स्वतः कुठेच नव्हत्या. पुढची सुमारे तीन वर्षं त्यांच्या हातून नवं काही लिहून झालं नाही.

हा घाव इतका खोल का गेला, ते त्यांचं बालपण पाहिलं की कळतं. वडील पाद्री, घरची ओढाताण. पियानोच्या शिकवणीला पैसे नसल्यानं वडिलांकडून प्राथमिक धडे घेऊन बाकीचं त्या स्वतःच शिकल्या. चायकोव्हस्कीच्या सिंफनीची अख्खी स्वरलिपी त्यांनी हातानं उतरवून काढली होती. उतरवून घेणं हीच जिची शाळा, तिला आता उसनं सगळं सोडायचं होतं.

वाट सापडली ती बर्लिनमध्ये. १९८८ मध्ये तिथे स्थायिक होऊन त्या तांत्रिक विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत काम करू लागल्या. एकच स्वर सुटा करून त्याचे घटक ऐकायचे, पुन्हा जुळवायचे, हे तिथलं रोजचं काम. त्यांच्या वाद्यवृंदाच्या लेखनात हा कान पुढे सतत जाणवतो. त्यांच्या व्हायोलिन कन्चेर्टोची, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची, सुरुवातच पाहा: बोटं न दाबता वाजणाऱ्या मोकळ्या चार तारांच्या स्वरांतून एकल वादकाचं सगळं जाळं विणलं जातं. २००२ मध्ये बर्लिनला केंट नागानो यांच्या संचालनाखाली व्हिव्हियान हागनर यांनी ते प्रथम वाजवलं आणि २००४ मध्ये त्याला अमेरिकेतला ग्रॉमायर पुरस्कार मिळाला.

पण अशी रचना मुळात उभी राहते कशी? आपल्याकडे गवई मैफलीत बसूनच रचत जातो. पाश्चात्त्य संगीतातला रचनाकार मात्र कागदावर लिहितो आणि ते वाजवायला शंभर माणसं लागतात. म्हणून आधी कुणीतरी रचना मागवलेली असावी लागते. बरेचदा दोन-तीन वाद्यवृंद मिळून मानधनाचा भार उचलतात. प्रकाशक स्वरलिपी छापून वादकांना भाड्यानं देतो. परदेशात कारकीर्द उभी राहते ती या साखळीवर. चिन यांचं लेखन वादकांचा घाम काढणारं असतं, तरी चांगले वादक ते मागून घेतात.

‘पूर्व-पश्चिम संगम’ हे लेबल त्यांनी कायम नाकारलं, आणि मला त्यांचं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. ‘शू’ या २००९ च्या कन्चेर्टोत शंग हे तोंडानं फुंकायचं चिनी वाद्य आहे, पण ते शोभेसाठी नाही. त्याच्या नळ्यांतून एकाच वेळी अनेक स्वर निघतात आणि वाद्यवृंदच जणू त्याच्यासारखा श्वास घेऊ लागतो.

मायदेशाशी नातं तुटलं नाही. २००६ पासून त्यांनी सोल फिलहार्मोनिकसाठी समकालीन संगीताची मालिका आखली. २०२२ पासून कोरियातल्या तोंग्योंग महोत्सवाच्या त्या कलासंचालक आहेत. २०२४ मध्ये त्यांना अडीच लाख युरोंचा सीमेन्स संगीत पुरस्कार मिळाला आणि २०२५ मध्ये हॅम्बुर्गच्या ऑपेरागृहात त्यांची दुसरी ऑपेरा रंगमंचावर आली. तिच्या संहितेच्या लेखनातही त्यांचा हात होता.

ऐकायची सुरुवात ‘शू’पासून करा. शंगवादक वू वेई यांनी सोल फिलहार्मोनिकसोबत केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. धून शोधू नका. श्वासाकडे लक्ष द्या.