अनारशाची खसखस आणि दुबईचे कस्टम

दिवाळीत लेकीकडे दुबईस निघालेल्या गृहिणीने अनारशांचा डबा सोबत घ्यावा, यात नवल ते काय? परंतु संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे. ते अफूच्याच बोंडातले बी; आणि तेथील कायदा डब्यातल्या चिमूटभर खसखशीकडेही अमली पदार्थ म्हणूनच पाहतो. डबा जप्त होण्यावरच भागेल असे नाही. प्रसंगी कोठडीही वाट्यास येते. तेव्हा अनारसे तिळावर थापावेत, हे उत्तम.

औषधांचेही तसेच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. त्याचेही मूळ अफूतच. ते नेण्यास अमिरातीच्या सरकारी यंत्रणेची पूर्वसंमती लागते. गोळ्या सुट्या करून पुडीत बांधण्याची घरगुती सवय येथे घातक ठरते. मूळ वेष्टण हवे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधद्रव्याचे नाव हवे.

रोकडीचा प्रश्न त्या मानाने सोपा. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंतच नेता येते. रोकड व मौल्यवान धातू मिळून ६०,००० दिरहमांहून अधिक असल्यास तेथे लेखी कळवावे लागते. परतताना ५,००० डॉलरांहून अधिक किमतीच्या परकी नोटा जवळ असतील, तर भारतीय कस्टमकडे नोंद करावी. अंगावरच्या दागिन्यांचा दाखला मात्र निघण्यापूर्वीच विमानतळावर कस्टमकडून घ्यावा. म्हणजे ते दुबईत विकत घेतले काय, असे परतल्यावर कोणी विचारणार नाही.