मनसरची टेकडी

रामटेकचा डोंगर आपल्याकडे कोणाला माहीत नाही? कळमन्याची माणसे त्रिपुरी पौर्णिमेला तिथे जातात. कामठी, कन्हान मागे टाकून गाडी मनसरला येते आणि उजवीकडे रामटेककडे वळते. मनसरलाच एक ठेंगणी टेकडी आहे. तिला हिडिंबा टेकडी म्हणतात. तिच्याकडे मान वळवून कोण बघतो? "काय ठेवलंय तिथं? माती अन् विटांचे तुकडे!" असे मीही म्हणत असे.

चढ फारसा नाही. सकाळी लवकर निघावे, पाणी सोबत घ्यावे. वर पोचलो की खाली तळे दिसते आणि पूर्वेला रामटेकचा उंच डोंगर. गर्दी नाही, दुकाने नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जमेल. माझे दुखतात, म्हणून सांगतो.

1997 नंतर इथे मोठे खोदकाम झाले. मातीखालून विटांचे चौथरे, पायऱ्या, भिंती निघाल्या. मातीच्या मुद्रा मिळाल्या. मुद्रा म्हणजे ठसा. त्यांवर 'प्रवरेश्वर' हे नाव होते. सुमारे 1500 वर्षांपूर्वी इकडे वाकाटक राजे राज्य करीत. त्यांतला एक दुसरा प्रवरसेन. त्याची आई प्रभावतीगुप्ता. नवरा वारला, मुले लहान, तेव्हा तिनेच राज्य चालवले. या प्रवरसेनाने बांधलेले शिवाचे देऊळ ते हेच, असे जाणकार मानतात.

जाणकारांना हे कळते कसे? आपल्या घरातली जमीन आठवा. दरवर्षी सारवतो, थरावर थर चढतो. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. टेकडीचेही तसेच. वस्तू कुठल्या थरात होती, शेजारी काय होते, यावरून तिचे वय ठरते.

आता माझीच गोष्ट सांगतो. खोदकामाआधी, 1990 साली, मी शाळेची पोरे घेऊन रामटेकला गेलो होतो. येताना या टेकडीवर चढलो. तिथली एक रुंद वीट मला आवडली. घरी आणली. कितीतरी वर्षे ती माझ्या रांजणाच्या झाकणावर होती. पुढे खोदकामाची बातमी वाचली आणि मान खाली गेली. पोरांनी मास्तरला वीट उचलताना पाहिले होते!

वीट पिशवीत घालून परत घेऊन गेलो. तिथल्या राखणदाराच्या हाती दिली. त्याने विचारले, "गुरुजी, कुठली ही? वरची का खालची?"

मला सांगता आले नाही.