रात्रपाळीला किती जण?

वृद्धाश्रम निवडताना खोल्या, जेवण, देऊळ पाहिले जाते. रात्री कामावर किती माणसे असतात, हे फारसे कोणी विचारत नाही. समजा, अंथरुणाला खिळलेले आठ जण आहेत आणि काळजीवाहक एकच. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओले कपडे बदलायचे, घोटभर पाणी पाजायचे. एकेकाला दहा मिनिटे धरली, तरी १२० पैकी ८० मिनिटे तिथेच जातात. तेवढ्यात कोणी न्हाणीघरात पडले, की बाकीच्यांची पाळी चुकलीच. मग माकडहाडावर किंवा टाचेवर लालसर चट्टा उठतो, बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. दुर्लक्ष झाले की तिथेच जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

यवतमाळच्या उन्हाळ्यात आणखी एक धोका असतो. शौचालयापर्यंत न्यायला कोणी नाही, म्हणून म्हातारी माणसे पाणीच कमी पितात. त्यातून लघवीचा संसर्ग, चक्कर, भ्रम.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम सुचवते. पण शब्द ‘करू शकेल’ असा आहे. वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान मानके लावू पाहणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक मंजूर झालेच नाही. ही चूक सरकारचीच.

भेटायला जाल तेव्हा आई-वडिलांच्या टाचा पाहा, रात्रपाळीची माणसे मोजा. तक्रारीसाठी ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन : १४५६७.